प्राध्यापकाने कोर्टाची पायरी चढावी

अमेरिकेतल्या स्थलांतर कायद्याच्या प्राध्यापकांवरून नागपुरात वाद होईल, असे काही वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आले नसते. पण ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना हातकड्या घालून आणणारे लष्करी विमान अमृतसरला उतरले, त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जामागे १ लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला. धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत ज्यांची मुले तिकडे आहेत, त्या घरांत व्हिसाचा कायदा जेवताना बोलायचा विषय झाला. त्या कायद्यावर बोलणारे, लिहिणारे आणि सरकारविरुद्ध न्यायालयात उभे राहणारे लोक विद्यापीठातले अध्यापक आहेत हेही मग लक्षात आले. वकिलांच्या आणि अध्यापकांच्या बैठकींत यावर जे बोलले जाते ते ऐकून मला हा लेख लिहावासा वाटला. एक बाजू म्हणते, ‘मास्तरनं पोरायले शिकवावं, कोर्टात कायले जावं?’ दुसरी बाजू या प्राध्यापकांना देव्हाऱ्यात बसवते. पहिल्या बाजूला वाटते की अशा लढ्याने विद्वत्ता बाटते, दुसरीला वाटते की ती पावन होते. ज्ञान आधी ग्रंथालयात तयार होते आणि लढा नंतर बाहेर कुठेतरी होतो, हे मात्र दोघांनीही न तपासता धरून चालले आहे. माझ्या मते चूक तिथेच आहे. स्थलांतर कायद्यातले बरेच महत्त्वाचे ज्ञान पीडित माणसाचे वकीलपत्र घेतल्याशिवाय हातीच लागत नाही. म्हणून या विषयाच्या प्राध्यापकाने बाजू घेतली का, हा प्रश्न निरर्थक आहे. बाजू घेतल्यावरही तो आपल्या बाजूची अडचण सांगतो का, एवढेच विचारायला हवे.

हा कायदा इतर कायद्यांसारखा का नाही, ते आधी पाहू. करार कायदा निकालपत्रांत सापडतो. प्राप्तिकराच्या वादात दोन्हीकडे पैसा असतो, म्हणून प्रत्येक मुद्दा वरच्या न्यायालयापर्यंत जातो आणि छापून येतो. स्थलांतराच्या कायद्यात निर्णय घेतो एक अधिकारी, बंद खोलीत, अनेकदा कारण न लिहिता; आणि ज्याच्याविरुद्ध निर्णय होतो तो माणूस आठवड्याभरात देशाबाहेर असतो. अपील करायला मागे कुणी उरत नाही. असा कायदा पुस्तकातून कसा शिकायचा? १९७२ मध्ये निक्सन सरकारने ‘बीटल्स’चा गायक जॉन लेनन याला हद्दपार करण्याची कारवाई सुरू केली. १९६८ साली ब्रिटनमध्ये अमली पदार्थ बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा हे त्याचे कारण दाखवले गेले. लेननचे वकील लिऑन वाइल्ड्स यांना कुणकुण होती की काही लोकांची हद्दपारीची प्रकरणे माणुसकीच्या कारणावरून सरकार गुपचूप बाजूला ठेवते. सरकारी उत्तर होते, असे काही नाही. वाइल्ड्स यांनी माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली दावा लावला, तेव्हा खात्याच्या अंतर्गत सूचना बाहेर आल्या आणि त्या सूचनांखाली वाचवलेल्या माणसांची अठराशेहून अधिक प्रकरणेही. १९७६ मध्ये लेननला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढची आहे. वाइल्ड्स यांनी त्या प्रकरणांचा अभ्यास करून विधी नियतकालिकात लेख लिहिले, पुढे न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयात वर्षानुवर्षे हा विषय शिकवला. कुणाला हाकलायचे आणि कुणाला राहू द्यायचे याचा जो विवेकाधिकार अधिकाऱ्याकडे असतो, तो आज अमेरिकेत अभ्यासक्रमाचा भाग आहे. त्या अभ्यासक्रमाचा पाया एका अशिलासाठी लढताना घातला गेला. वाइल्ड्स तटस्थ राहिले असते, तर हे ज्ञान तेव्हा त्या कपाटातून बाहेर आले असते का?

हा अपवाद नाही. जॉर्जटाउन विद्यापीठात आश्रय मागणाऱ्यांचे खटले विद्यार्थ्यांकरवी लढवणारे एक क्लिनिक आहे. क्लिनिक म्हणजे प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विद्यार्थी खऱ्या अशिलाचा खरा खटला चालवतात ती जागा. त्या क्लिनिकशी संबंध असलेल्या तीन अध्यापकांनी २००७ मध्ये आश्रयाच्या निर्णयांची आकडेवारी तपासली. मायामीच्या एकाच न्यायालयात कोलंबियाहून आलेल्या अर्जदाराला एका न्यायाधीशासमोर आश्रय मिळण्याची शक्यता ५ टक्के होती आणि दुसऱ्यासमोर ८८ टक्के. कायदा तोच, देश तोच, इमारत तीच. हा प्रश्न त्यांना सुचला, कारण कुणाच्या दालनात पेशी लागली यावर अशिलाचे नशीब ठरते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. उत्तर मात्र त्यांनी आकड्यांतून काढले, आणि ते आकडे स्थलांतराच्या कट्टर विरोधकालाही तपासता येतात. मला अभिप्रेत असलेली विद्वत्ता ही आहे: प्रश्न लढ्यातून आला, पुरावा सगळ्यांसमोर मांडला.

यात आणखी एक वस्तुस्थिती आहे, जी आपल्याकडच्या चर्चेत कुणी उच्चारत नाही. १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी मजुरांच्या प्रकरणात म्हटले की हद्दपारी ही शिक्षा नव्हे. शिक्षा नाही म्हणजे फौजदारी आरोपीला मिळणारा सरकारी खर्चाचा वकीलही नाही. खिसा कापणाऱ्याला वकील मिळतो. परत पाठवले तर जिवाला धोका आहे असे सांगणाऱ्या बाईला मिळत नाही. २००७ ते २०१२ या काळातल्या बारा लाखांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास सांगतो की फक्त ३७ टक्के लोकांना वकील मिळाला होता, आणि कोठडीत असलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. अशा न्यायालयात सरकारचा वकील एका टेबलापाशी बसलेला असतो आणि समोरची खुर्ची रिकामी असते. त्या खुर्चीत प्राध्यापक आणि त्याचे विद्यार्थी जाऊन बसले तर त्यांनी तराजू झुकवला असे म्हणायचे, की खटल्याला दुसरी बाजू मिळाली असे म्हणायचे? टोगोहून जननांग-विच्छेदनाच्या भीतीने पळून आलेल्या एका तरुणीची पहिली सुनावणी एका विधी विद्यार्थिनीने लढवली आणि ती हरली. अपिलात कॅरन मुसालो या अध्यापिकेने युक्तिवाद केला आणि १३ जून १९९६ ला अमेरिकेच्या अपील मंडळाने पहिल्यांदा असे बंधनकारक मत दिले की या कारणासाठी आश्रय मिळू शकतो. ‘छळ’ म्हणजे काय याची कायदेशीर समज त्या दिवशी बदलली. पुढच्या पाठ्यपुस्तकांत तो निकाल आला. तो आणला कुणी?

आता एका पूर्ण कारकिर्दीकडे पाहू. भारतीय वंशाच्या शोभा शिवप्रसाद वाधिया प्राध्यापक होण्याआधी वॉशिंग्टनमध्ये स्थलांतरितांच्या प्रश्नांवर संसदेत पाठपुरावा करणाऱ्या संस्थेत काम करत होत्या. २००८ मध्ये त्यांनी पेन स्टेट विद्यापीठात स्थलांतरितांच्या हक्कांचे क्लिनिक सुरू केले. वाइल्ड्स यांनी जिथे सोडले होते तिथून त्यांनी विवेकाधिकाराचा विषय हाती घेतला, माहितीचे अर्ज करकरून खात्यांकडून नोंदी मिळवल्या आणि २०१५ मध्ये त्यावर पूर्ण ग्रंथ लिहिला. २०२३ मध्ये त्या अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यातच नागरी हक्कांच्या अधिकारी म्हणून गेल्या. म्हणजे ज्या खात्याशी विद्यार्थ्यांसह झगडल्या, त्याच खात्याच्या आत बसून तक्रारी तपासू लागल्या. मार्च २०२५ मध्ये ते कार्यालयच जवळजवळ मोडीत काढले गेले. या कारकिर्दीत पाठपुरावा कुठे संपतो आणि अध्ययन कुठे सुरू होते, ती रेघ मला दाखवून द्या. संसदेत काम केल्यामुळे कायदा कसा घडतो ते कळले, क्लिनिकमुळे तो माणसावर कसा पडतो ते कळले, नोंदी मागितल्यामुळे तो कसा लपवला जातो ते कळले. यातले एक जरी काढले तरी तो ग्रंथ लंगडा होतो.

विरोधकांचे म्हणणे मात्र मी हलके मानत नाही. त्यांच्यातला सर्वांत भारी मुद्दा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९१७ मध्ये म्युनिकच्या व्याख्यानात मांडला होता: व्यासपीठावरून बोलणाऱ्या अध्यापकासमोर विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, म्हणून तिथे प्रेषित आणि पुढारी यांना जागा नाही. हे खरे आहे, आणि आपल्याकडे तर अधिकच खरे आहे. अंतर्गत गुण सरांच्या हातात, शिफारसपत्र सरांच्या हातात, आणि ‘सर म्हणतात ते बरोबर’ हा धडा बालवाडीपासून गिरवलेला. अशा वर्गात सरांनी एखाद्या कायद्याविरुद्ध याचिका केलेली असेल, तर त्या कायद्याच्या बाजूने कोण बोलेल? ज्याला खरोखर वाटते की सीमा कडक असायला हव्यात, तो मुलगा मागच्या बाकावर खाली मान घालून बसेल आणि उत्तरपत्रिकेत सरांना हवे ते लिहील. हे नुकसान खरे आहे. ज्यांना ते दिसत नाही अशा ‘कार्यकर्त्या’ प्राध्यापकांशी माझे भांडण आहे.

पण वेबरचे ते व्याख्यान पुढेही जाते. अध्यापकाचे पहिले काम म्हणजे विद्यार्थ्याला त्याच्या मताला अडचणीची ठरणारी तथ्ये ओळखायला शिकवणे, असे तोच म्हणतो. आता विचार करा, अडचणीची तथ्ये कुठे भेटतात? क्लिनिकच्या टेबलावर. विद्यार्थी येतो तो आदर्शवाद घेऊन, आणि समोरचा अशील तारखा चुकवतो. पहिल्या जबाबात भाऊ मारला गेला असे असते, दुसऱ्यात चुलतभाऊ. कधी भीतीने, कधी स्मृती ढासळल्याने, कधी सरळ खोटे बोलल्याने. आणि त्या मुलाला ठरवायचे असते की हे प्रतिज्ञापत्रावर घ्यायचे की नाही. सरकारी वकील उलटतपासणीत नेमके तिथेच बोट ठेवणार, हे त्याला माहीत असते, म्हणून त्याला सरकारची बाजू सरकारपेक्षा बारकाईने मांडून पाहावी लागते. निबंध लिहिताना विरोधी मत दोन वाक्यांत उडवून लावता येते, पेशीच्या आदल्या रात्री ते जमत नाही. स्थलांतरितांबद्दलची भाबडी समजूत जितक्या लवकर क्लिनिकमध्ये गळून पडते तितकी कुठल्याच व्याख्यानात पडत नाही. वेबरची कसोटी लावली तर दोष व्यासपीठावरून प्रचार करणाऱ्याला लागतो, खटला लढणाऱ्याला नव्हे. ही दोन वेगळी माणसे आहेत. आपल्या चर्चेत त्यांची गल्लत होते.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे आणि तोही मला मान्य आहे. हार्वर्डचे रिचर्ड फॅलन यांनी २०१२ च्या सुमारास आपल्याच सहकाऱ्यांना सुनावले होते की प्राध्यापक मंडळी न्यायालयात दाखल होणाऱ्या निवेदनांवर भराभर सह्या करतात. ज्या विषयाचा स्वतःचा अभ्यास नाही त्यावरही करतात, आणि स्वतःच्या लेखाला जी शिस्त लावतील ती त्या निवेदनाला लावत नाहीत. सहीखालचे पद मात्र वापरले जाते. ही उसनी प्रतिष्ठा आहे आणि ती घातक आहे. मे २०१२ मध्ये सुमारे शंभर प्राध्यापकांनी ओबामांना पत्र लिहिले की लहानपणी आणलेल्या मुलांची हद्दपारी रोखण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे. १५ जूनला अशी हद्दपारी रोखणारी योजना आली. पण पुढे एका संघीय अपील न्यायालयाने ती योजना कायद्यात बसत नाही असे म्हटले. म्हणजे शंभर प्राध्यापकांच्या मताशी न्यायाधीश सहमत झाले नाहीत. यावरून काय सिद्ध होते? प्राध्यापक चुकू शकतात, हे. पण त्यांनी आपला युक्तिवाद कलमे आणि दाखले देऊन उघडपणे मांडला, म्हणूनच तो खोडता आला. जो प्राध्यापक मंत्रालयात कानाशी लागून सल्ला देतो आणि बाहेर तटस्थ म्हणून मिरवतो, त्याचे मत खोडायचे कसे? आपल्याकडे अशा मूक सल्लागारांना कुणी कार्यकर्ता म्हणत नाही. समितीवर नेमणूक झाली की तो मान, याचिका केली की ती लुडबुड, हा दुजाभाव मला सर्वांत जास्त खटकतो.

येलचे हॅरॉल्ड को यांचे उदाहरण दोन्ही बाजू वापरतात. ग्वांटानामोच्या तळावर अडकवलेल्या हैतीच्या निर्वासितांसाठी त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन आधी थोरल्या बुश यांच्या आणि मग क्लिंटन यांच्या सरकारविरुद्ध खटला लढवला. समुद्रात अडवून माणसे परत पाठवण्याच्या मुद्द्यावर १९९३ च्या जूनमध्ये ते सर्वोच्च न्यायालयात ८ विरुद्ध १ असे हरले. त्याच महिन्यात त्या खटल्याच्या दुसऱ्या भागात, एचआयव्ही असल्याच्या कारणावरून डांबलेल्यांना सोडण्याचा आदेश मात्र खालच्या न्यायालयाने दिला. तेच को पुढे ओबामा सरकारच्या परराष्ट्र खात्याचे कायदेविषयक सल्लागार झाले आणि २०१० मध्ये त्यांनी ड्रोन हल्ल्यांचे जाहीर समर्थन केले. काहींना हा विश्वासघात वाटला. मलाही ते समर्थन पटत नाही. तरी त्या भाषणावर विद्यार्थी प्रश्न विचारू शकले, त्यांचाच १९९३ चा युक्तिवाद त्यांच्यापुढे धरू शकले. ज्याने कधी भूमिकाच घेतली नाही, त्याला कुठल्या भूमिकेवरून जाब विचारणार?

तिसरा आक्षेप विद्वानांच्या नव्हे, साध्या माणसाच्या तोंडी असतो आणि म्हणून अधिक प्रामाणिक वाटतो: प्राध्यापकाची नोकरी पक्की, पगार पक्का, परदेशी लोंढा आला तर रोजी बुडेल ती मजुराची. मग प्राध्यापकाने दुसऱ्याच्या पोटावर उदार का व्हावे? देशाला सीमा असाव्यात आणि कुणाला आत घ्यायचे हे त्या देशाने ठरवावे, हे मला पूर्ण मान्य आहे. ज्यांचा मी वर उल्लेख केला त्यांच्यापैकी बहुतेकांची लढाई त्याविरुद्ध नव्हतीच. किती जणांना घ्यायचे हे संसद ठरवते. पण समोरच्या एका माणसाला घेताना किंवा हाकलताना त्याचे म्हणणे ऐकले का, कागद वाचले का, त्याच्यासारख्याच दुसऱ्याला वेगळा न्याय दिला का, हे विचारण्याने मजुराची रोजी बुडत नाही. उलट ज्या कामगाराला तक्रार केली की हद्दपारी ठरलेली आहे, तो कमी मजुरीत निमूट राबतो आणि शेजारच्या स्थानिक मजुराचा दरही पाडतो.

आता आपल्या घरात येऊ. प्राध्यापकाने चळवळीत पडू नये असे नागपुरात बसून म्हणताना दीक्षाभूमी कोणत्या शहरात आहे याचा विसर पडतो. जून १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सरकारी महाविद्यालय, सरकारी पद. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला त्यांनी येवल्याची घोषणा केली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात निवडून आले, खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. आणि या सगळ्या काळात ते प्राचार्य होते. मे १९३८ मध्ये त्यांनी ते पद सोडले. परक्या सरकारच्या महाविद्यालयाचा प्राचार्य रस्त्यावरही होता, विधिमंडळातही होता आणि वर्गातही होता. त्यामुळे त्यांचे कायद्याचे ज्ञान पातळ झाले, असे म्हणायला कुणी धजावेल का? खोतीचे विधेयक लिहिणाऱ्या हाताला जमीन महसूल कायदा जितका कळला असेल, तितका तो केवळ टिपणे काढणाऱ्याला कळणे शक्य नाही. आज मात्र त्यांच्या तसबिरीला हार घालून त्याच सभागृहात ‘अध्यापकाने मर्यादेत राहावे’ असे भाषण होते.

आणखी जवळचे उदाहरण आहे, आणि ते विदर्भाच्या मातीतले असून विधी महाविद्यालयांच्या बाहेर कुणाला आठवत नाही याची मला खंत वाटते. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तो भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता, आज गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या इथल्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवून त्यांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, विरोध दिसत नाही, असा सूर होता. हा निकाल तसाच नियतकालिकांच्या बासनात पडून राहिला असता. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यात त्यांनी निकालाचा एकेक दुवा सोडवून दाखवला: संमती आणि शरणागती यांतला फरक, नागपूर खंडपीठाने तो कसा ओळखला होता, आणि वरच्या न्यायालयाने तो कसा पुसला. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले. फेरविचाराची याचिका फेटाळली गेली, पण १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी आणि कडक शिक्षा आली, अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती म्हटले की न्यायालयाने तसे गृहीत धरावे ही तरतूद आली, पीडितेचे नाव छापण्यावर बंदी आली. ते पत्र विद्वत्ता होती की चळवळ? ज्या निकालावर त्यांनी टीका केली तो त्यांच्यापैकी कुणाच्याही अशिलाचा नव्हता, त्यात त्यांचा काडीचा लाभ नव्हता. पण त्यांनी बाजू घेतली होती, आणि ती घेतल्यामुळे त्यांचे विश्लेषण सैल झाले नाही, धारदार झाले. आज फौजदारी कायदा शिकवणारा प्रत्येक अध्यापक ते पत्र वर्गात नेतो, आणि तरी ‘प्राध्यापकाने कोर्टावर बोलू नये’ असे म्हणणारेही त्याच स्टाफरूममध्ये असतात.

इथे लक्षात घ्या की त्यांनी पत्र लिहिले, कारण पूर्णवेळ पगारी अध्यापकाला आपल्याकडे सनद वापरता येत नाही. बार कौन्सिलचा नियम तसा आहे आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच सांगितले. वकिलाला दिवसाचे काही तास शिकवता येते, शिक्षकाला मात्र वकिली करता येत नाही. पैशासाठी दोन दगडांवर पाय ठेवू नये हा त्यामागचा हेतू योग्य आहे. पण विनामोबदला, विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गरिबाचा खटला चालवणेही त्यात बसत नाही. त्यामुळे आपल्या महाविद्यालयांतली विधी साहाय्य केंद्रे बहुतेक ठिकाणी बॅनर, दीपप्रज्वलन आणि फोटोपुरती उरली आहेत. विद्यार्थी चार ‘प्रात्यक्षिक’ विषय देतो, काल्पनिक खटल्यात काल्पनिक अशिलासाठी इंग्रजीत युक्तिवाद करतो, आणि पदवी घेऊन बाहेर पडताना त्याने एकाही खऱ्या माणसाची फाईल उघडलेली नसते.

ती फाईल नागपुरात कुठे आहे? जरीपटक्यात. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा बाहेर आले की महाराष्ट्रात सर्वाधिक पाकिस्तानी नागरिक नागपुरात राहतात. त्यातले बहुतांश सिंधमधून आलेले हिंदू सिंधी, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणारे. अशा एका घरची प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रे मी नीट पाहिली आहेत. मुदत संपलेला हिरवा पासपोर्ट, सिंधमधल्या शाळेचा दाखला आणि त्याचे नोटरी केलेले भाषांतर, व्हिसा वाढवल्याचे आदेश तारखेवार, भाडेकरार, वीजबिल. वडिलांचे नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेने लिहिलेले, आणि त्या एका अक्षरासाठी नवे प्रतिज्ञापत्र. धाकटी मुलगी इथेच, नागपुरातच जन्मली; पण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघेही परदेशी असतील तर ते मूल जन्माने भारतीय होत नाही, हे तिला दहावीच्या अर्जापर्यंत माहीत नव्हते. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीचा लाभ ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना. त्यानंतर आलेल्याला साधारण बारा वर्षांच्या वास्तव्याची जुनी अट. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा स्थलांतर व परदेशी नागरिक कायदा लागू झाला, त्याखालच्या सवलतीच्या आदेशाने नंतर आलेल्या अल्पसंख्याकांना शिक्षेतून सूट मिळाली; त्या सुटीलाच नागरिकत्व समजणारे लोक आहेत, आणि तसे समजावून पैसे उकळणारे दलालही आहेत. यातले काहीही आपल्या कुठल्या अभ्यासक्रमात सलगपणे शिकवले जात नाही. शिकवणार कोण? ज्याने ती पिशवी उघडून पाहिली असेल तोच.

ज्यांना अमेरिकेतल्या प्राध्यापकांचे कौतुक आहे, त्यांना मला एक प्रश्न विचारायचा आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्यासाठी त्या प्राध्यापकाने लढावे असे तुम्हाला वाटते. जरीपटक्यातल्या सिंधी कुटुंबासाठी इथल्या प्राध्यापकाने लढावे, हेही बहुधा पटेल. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्गेलिंग वसाहतीतल्या तिबेटी माणसासाठी? १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय आहे, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावे लागले. आणि ज्याच्या गळ्यात ‘बांगलादेशी’ हा शिक्का पडला आहे, पण कागद पश्चिम बंगालचे आहेत, अशा बांधकाम मजुरासाठी? नागरिकत्व सिद्ध करण्याचे ओझे आपल्या कायद्यात त्याच्यावरच आहे. त्याचे कागद खरे आहेत की खोटे, हे कुणीतरी नीट तपासून न्यायालयापुढे मांडायला नको का? जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे घटनेचे कलम २१ ‘व्यक्ती’साठी आहे, फक्त नागरिकासाठी नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमा लोकांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले. जो प्राध्यापक आपल्या आवडीच्या परदेशी माणसासाठीच कलम २१ काढतो, त्याच्यावर पक्षपाताचा आरोप मी स्वतः करेन. जो चौघांसाठीही तीच कसोटी लावतो, खोटे कागद असतील तिथे ‘हे खटल्यात टिकणार नाही’ असे अशिलाला तोंडावर सांगतो, आणि वर्गात सरकारची बाजू स्वतः उभे राहून मांडतो, त्याला कार्यकर्ता म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी त्याच्याइतके कागद वाचून यावे.

करायचे काम छोटे आहे. १९६१ च्या वकील कायद्याच्या कलम ३२ नुसार न्यायालय एखाद्या प्रकरणात सनद नसलेल्या व्यक्तीलाही उभे राहण्याची परवानगी देऊ शकते. त्या धर्तीवर अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला अध्यापकाच्या देखरेखीखाली बोलू देणारा कायम नियम करता येईल. बार कौन्सिलने विनामोबदला क्लिनिकपुरती पूर्णवेळ अध्यापकाला सूट द्यावी. अशा अध्यापकाने ज्या कायद्यावर खटला लढवला, त्या विषयाची उत्तरपत्रिका दुसऱ्याने तपासावी, म्हणजे मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मोकळेपणाने लिहिता येईल. आणि नागपुरातल्या विधी महाविद्यालयांनी नव्या सत्रापासून आठवड्यातला एक दिवस जरीपटक्यात टेबल मांडून बसावे. फॉर्म भरून देण्यासाठी दलाल घेतात तो पैसा त्या लोकांचा वाचेल, आणि आपल्या मुलांना हा कायदा पहिल्यांदा कळू लागेल.